गुणीचं पत्र्याचं वासरू

गुणी गाईचं वासरू बुधवारी सकाळी गेलं आणि बुधवारी संध्याकाळी तिनं लाथ मारून चरवी गोठ्याबाहेर पाठवली. चरवी घरंगळत येऊन उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या शालिनीच्या पायांशी थांबली. आत दूध नव्हतं. सांडायलासुद्धा नव्हतं.

शालिनीनं कडेवरच्या विजूला आणखी घट्ट धरलं. विजू आठ महिन्यांची. महिन्यापूर्वी शालिनीला विषमज्वर झाला, त्यात तिचं अंगावरचं दूध आटलं. पुढं आठ दिवसांत गुणी व्याली, तेव्हा सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली होती. कारण म्हशीचं दूध विजूला पचत नव्हतं, शेळीच्या दुधाला ती तोंड लावत नव्हती, आणि डब्यातलं विलायती दूध लढाई सुरू झाल्यापासून सांगलीच्या दुकानांतून जे नाहीसं झालं होतं ते झालंच होतं. पोरीचा सगळा भार त्या एका गाईवर होता, आणि गाईनं आत्ताच चरवी फेकून दिली होती.

शालिनी विलिंग्डन कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली. जांभूळवाडीत इतकं शिकलेलं बाईमाणूस दुसरं नव्हतं आणि इतकं घाबरणारंही दुसरं नव्हतं. माहेराहून येताना तिनं बालसंगोपनाचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यात प्रत्येक पानावर मुलांना होऊ शकणारं काही ना काही दिलेलं होतं, आणि शालिनीनं एकही पान सोडलं नव्हतं. विजू शिंकली की ती वहीत वेळ लिही. दर सोमवारी ती विजूला वाण्याच्या तराजूत बसवी. एका पारड्यात विजू, दुसऱ्यात वजनं आणि वर गुळाचे खडे. "वैनी, ह्या आठवड्यात पोरगी एक नारळ वाढली बगा," असं वाणी म्हणे, आणि शालिनी 'एक नारळ' असं वहीत लिहून घेई.

सासूबाई हरणाबाई मात्र कशालाही घाबरत नसत. त्यांनी चरवी उचलली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "वासरू मेलं म्हून गाय आटत न्हाई. कातड्यात कडबा भरायचा आन् फुडं उभं करायचं. चाटत बसती आन् पान्हा सोडती. गाईला काय कळतंय."

तसंच झालं. कातड्याचं वासरू उभं राहिलं, गुणीनं ते हुंगलं, चाटलं आणि दूध दिलं. चार दिवस विजू पोटभर प्यायली आणि शालिनी रोज वहीत तसं लिहीत गेली. पाचव्या दिवशी चाटता चाटता गुणीच्या जिभेनं पोटाची शिवण उसवली. आत शाळूचा कडबा होता आणि तो चांगला होता. गुणीनं थोडा विचार केला असावा. मग तिनं तो शेवटच्या काडीपर्यंत खाल्ला. राहिलेलं कातडं कुत्र्यांनी ओढून नेलं. त्यातला पाठीचा तुकडा तेवढा हरणाबाईंनी दगड मारून परत मिळवला.

"आता लोखंडाचंच करायला पायजे," त्या म्हणाल्या. "केरब्याला बोलवा."

केरबा माण तालुक्याकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं गेली तसा तो माधवनगरला एका गिरणीत यंत्रांना तेल घालायच्या कामावर लागला. गिरणीच्या मागं मोडक्या लोखंडाचा ढीग पडलेला असे. जेवणाच्या सुट्टीत त्या ढिगाकडं बघता बघता त्याला त्यात मेंढरं दिसू लागली. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांनी तो बायकोच्या गावी, म्हणजे जांभूळवाडीला, आला तो तीन पोती भंगार घेऊन. आता त्याच्या अंगणात सतरा लोखंडी मेंढरं होती, एक एडका होता, आणि दाराशी मोडक्या स्टोव्हाचं केलेलं कुत्रं होतं. नवा पोस्टमन त्याला बघून लांबूनच पत्र टाकून गेला होता.

गाव हसायचं, पण बघायलाही यायचं. आणि आलं की बाजारात जनावर बघावं तसं बघायचं. एडक्याच्या जबड्यात बोट घालून म्हातारे दात मोजत आणि म्हणत, "दोन दाती हाय की रं हे. शिंगं मातूर चार दातीची बशिवलीस." मग केरबा दुसऱ्या दिवशी दोन दात वाढवी. आपल्या कामात चूक राहिलेली त्याला खपत नसे.

तो आला, गुणीसमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला.

"उद्याच्या धारंला पायजे बग," हरणाबाई म्हणाल्या.

"उद्या?" केरबा म्हणाला. "आक्का, गाईला नऊ महिनं लागत्यात."

"तुला एक रोज बास झाला. रॉकेलचा डबा घे, चार पाय लाव, वरनं ह्यो कातड्याचा तुकडा टाक. गाईला काय कळतंय."

"गाईला कळतंय का न्हाई ते गाय जाणं. मला कळतंय की."

शालिनी उंबऱ्याबाहेरच होती. विजूला घेऊन ती गोठ्याचा उंबरा कधीच ओलांडत नसे. आत शिंगं होती, खूर होते, गोमाश्या होत्या. आता त्यात लोखंडही येणार होतं.

"केरबा, लोखंड गंजलेलं नाही ना?"

"वैनीसाब, जुनं लोखंड हाय. मान्साचं क्यास पिकत्यात तसा त्येला तांबेरा चढतुया."

"तसं नाही. गंजानं धनुर्वात होतो."

"गायीला?"

"कुणालाही. गाईला झाला की दुधात उतरेल, आणि दुधातून..." शालिनी थांबली. असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. पण असं होत नाही, असंही लिहिलेलं नव्हतं.

"मग पुसून घ्या की रोज," केरबा म्हणाला. "ऱ्हाईल लकलकीत."

इथं तोड निघाली. वासरू आलं की रोज खोबरेल तेलानं पुसायचं, असं शालिनीनं ठरवलं आणि विजूचं एक जुनं मऊ दुपटं त्यासाठी बाजूला काढून ठेवलं.

पण वासरू यायला तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी केरब्यानं निरोप धाडला, 'पाय झालं.' तिसऱ्या दिवशी निरोप आला, 'पाय पसंत न्हाईत, परत करतोय.' विजू भाताच्या पेजेवर आणि नाचणीच्या खिरीवर होती. पेज ती थुंकून टाकी आणि खीर केसांना लावी. सोमवार उजाडला. वाण्यानं पारड्यातला गुळाचा एक खडा काढला, मग दुसरा काढला, आणि काहीच चेष्टा केली नाही. तो विजूचा गाल चिमटीत धरून नुसता "हं" म्हणाला. शालिनीनं वही मिटली. ती तशीच विजूला घेऊन केरब्याच्या अंगणात गेली.

अंगणाच्या मध्यभागी वासरू उभं होतं. पोट रॉकेलच्या डब्याचं, पाय गिरणीतल्या सुताच्या चात्यांचे, डोळे सोड्याच्या बाटलीतल्या गोट्यांचे. शालिनीला वाटलं होतं भंगार असेल. पण वासरानं मागचे पाय किंचित फाकवले होते, जसे नुकतं उभं राहायला शिकलेलं वासरू फाकवतं. विजूसुद्धा पलंगाला धरून अशीच उभी राहायची.

"झालंय की हे," ती म्हणाली.

"कुटलं झालंय? मान बगा. ताठ हाय. वासरू पिताना ढुसणी देतंय. ढुसणीबिगर गाय पान्हा सोडत न्हाई. ढुसणी द्याची तर मान हालाय पायजे, आन् मान हालाय येटोळ्याची तार पायजे, बळकट. ती माज्यापाशी न्हाई."

"कुठं मिळते ती?"

केरब्यानं मान खाजवली. "सायकलीच्या शीटखाली असत्यात दोन."

जांभूळवाडीत सायकल एकच होती. ती शालिनीच्या नवऱ्याची, दादासोंची. दादासो माधवनगरला गिरणीच्या कचेरीत होते. एरवी रविवारपुरते येत, पण पोरीचं कळल्यावर ते एक दिवस रजा टाकून राहिले होते आणि या क्षणी न्हाणीत अंघोळ करत होते. शालिनी घरी आली, मागोमाग केरबाही. तिनं न्हाणीच्या दाराशी कान दिला. पाण्याचा तांब्या ओतल्याचा आवाज आला. तिनं केरब्याला हातानं खूण केली.

दुपारी दादासो निघाले. दहा पावलं गेले आणि उतरले.

"अगं, सीटखाली काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतंय."

"स्प्रिंगा," शालिनी म्हणाली.

"कुठं गेल्या?"

"वासराच्या मानेत."

दादासोंनी सीट दाबून बघितली. मग बायकोकडं बघितलं. माधवनगरपर्यंत आठ मैल रस्ता होता, त्यातले पाच खडीचे.

"मी कसा जायचा?"

"तुम्ही मोठे आहात," शालिनी म्हणाली. "विजू आठ महिन्यांची आहे."

दादासोंनी डोक्याचा टॉवेल काढून सीटवर घडी करून ठेवला आणि ते पेडलवर उभे राहून गेले.

त्याच संध्याकाळी केरब्यानं वासरू खांद्यावरून आणलं. कातड्याचा तुकडा त्यानं पाठीवर जेमतेम झुलीसारखा टाकला होता.

"पुरं अंग झाकून घे की त्येनं," हरणाबाई म्हणाल्या.

"झाकलं तर माजं काम दिसंना की."

शालिनीनं दुपट्यानं वासराला नाकापासून शेपटीपर्यंत पुसून काढलं, आणि पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली. गुणीनं मान लांबवली. हुंगलं. नाकपुड्या फुगवल्या. मग जीभ काढून वासराच्या कपाळावरून एकदा, अगदी सावकाश, फिरवली. तशी ती मान दबली, स्प्रिंगांवर उसळली आणि पत्र्याचं तोंड गुणीच्या कासेला जाऊन लागलं. अशी तीनदा ढुसणी बसली. चौथ्या वेळी हरणाबाईंच्या चरवीत चुळ्ळकन धार वाजली.

विजू पावशेर दूध एका दमात प्यायली आणि वाटी चाटू लागली. शालिनीनं वहीत लिहिलं, 'संध्याकाळ, दीड शेर', आणि अक्षर जरा वाकडं आलं.

पुढचे पंधरा दिवस घरात सण होता. वासरू नजरेआड केलं की गुणी हंबरून घर डोक्यावर घेई, म्हणून ते गोठ्यातच राहिलं. हरणाबाई, ज्या त्याला आधी 'डबा' म्हणत, त्याच आता दुपारी ओरडत, "अगं, वासराला सावलीत घ्या, तापतंय." त्यांनी त्याच्या गळ्यात घंटा बांधली. गाव बघायला आलं. "खोंड का कालवड?" कुणीतरी विचारलं. केरब्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तो थोडा विचार करून म्हणाला, "आजून ल्हान हाय." शालिनी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ नेमानं येऊन, विजूला बाहेर पाळण्यात ठेवून, वासराला पुसून जाई. वाण्याच्या पारड्यात एकदा एक नारळ वाढला आणि पुढल्या सोमवारी दीड.

मग शेजारच्या राहीबाईच्या म्हशीचं रेडकू मेलं.

"हरणाक्का, एका सांजंपुरतं द्या की वासरू," राहीबाई म्हणाली. "म्हस जवळ उभी करून घीना झालीया."

शालिनीनं सासूबाईंकडं बघत 'नाही' म्हणून मान हलवली.

"ते गाईचं वासरू आहे, राहीबाई," ती म्हणाली. "म्हशीला चालणार नाही."

"डब्याचं हाय ते, शालूबाई. त्येला कुटली आलीया जात?"

हरणाबाईंना नाही म्हणता येईना. शालिनी तापात पडली होती तेव्हा राहीबाईनंच महिनाभर घरात पाणी भरलं होतं. वासरू शनिवारी संध्याकाळी कुंपणावरून पलीकडं गेलं.

म्हैस ती. तिनं काही हुंगलं नाही की विचार केला नाही. पुढ्यात वासरू दिसल्याबरोबर ती त्याला जी चाटायला लागली ती रविवारी सकाळपर्यंत थांबली नाही. वासरू परत न्यायला गेल्यावर तिनं शिंगं खाली घातली. चार बाप्यांनी दावं धरलं तेव्हा कुठं ते कुंपणाच्या अलीकडं आलं. कातड्याचा तुकडा तिकडंच राहिला आणि वासराच्या अंगाला म्हशीच्या लाळेचा जो दर्प येत होता त्यानं हरणाबाईंनी नाकाला पदर लावला.

"आसं गाईफुडं ठिवलं तर लाथंनं चेपंल ती," त्या म्हणाल्या आणि त्यांनी राख, चिंच आणि काथ्या घेऊन वासराला घासायला घेतलं. दिवाळीला पितळेची भांडी घासावीत तसं घासलं. मानेच्या खाचेत, कानाच्या मागं, काहीही सोडलं नाही. वासरू असं लखलखलं की शालिनीला पुसायला काही उरलं नाही आणि गुणीला त्यात स्वतःचं तोंड दिसलं.

गुणीनं ते हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मान वळवली आणि मागच्या पायानं वासराला गव्हाणीपर्यंत उडवलं. चरवी त्याच्या मागोमाग गेली.

केरबा धावत आला. काय झालं ते त्यानं नीट ऐकूनही घेतलं नाही. गाईनं वासरू नाकारलं म्हणजे वासरात काहीतरी खोट आहे, एवढंच त्याला कळलं.

"कान चुकलं," तो म्हणाला. "मला आदीच वाटत हुतं. फशीवल्यालं कळतंय गाईला."

त्यानं कान उतरवले आणि नवे बसवले. गुणीनं लाथ मारली. त्यानं शेपूट लांब केलं. गुणीनं लाथ मारली. त्यानं डोळ्यांच्या गोट्यांना वहाणेच्या कातड्याच्या पापण्या केल्या. वासरू आता इतकं खरं दिसत होतं की राहीबाईच्या म्हशीनं कुंपणाचे दोन खांब पाडले. पण गुणी ढुंकून बघेना. असे दोन दिवस गेले. विजू पुन्हा पेज थुंकू लागली, आणि या खेपेस ती मोठ्यानं रडत नव्हती, नुसती कुरकुरत होती. शालिनीला त्याचीच जास्त भीती वाटत होती. तिनं पुस्तक काढलं, 'कुरकुर' शोधलं, आणि पुस्तक मिटून ठेवलं.

मंगळवारी संध्याकाळी केरबा गोठ्यात वासराच्या पोटाखाली आडवा पडून मागच्या पायांची रिबिटं ठोकत होता. शालिनी विजूला कडेवर घेऊन नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर आली.

"केरबा, आज तरी होईल का हो?"

विजू कुरकुरली.

गुणीनं कान टवकारले. तिनं दाव्याला हिसडा दिला आणि उंबऱ्याच्या दिशेनं मान ताणून हंबरली. मोठ्यानं नव्हे, घशातल्या घशात. शालिनी दोन पावलं मागं सरकली. गुणीनं दावं आणखी ताणलं, खुंटा करकरला.

केरब्याच्या कपाळावर टपकन काहीतरी पडलं. त्यानं पुसलं, हुंगलं, आणि पडल्या पडल्याच वर बघितलं. गुणीच्या आचळांतून दूध ठिबकत होतं.

तो उठून बसला. त्यानं गाईच्या नजरेची रेघ धरली. ती रेघ त्याच्या वासरावरून सरळ निघून उंबऱ्यापलीकडं जात होती.

"वैनीसाब," तो हळूच म्हणाला, "वासराला पुसायचा ते फडकं कुटलं हुतं?"

"विजूचं दुपटं. जुनं."

"धुतल्यालं?"

शालिनी लाजली. "रोज धुवून रोजच्या रोज वाळायचं नाही. मग तिच्या अंगाखालचं जे हाती येईल ते घेत होते."

केरबा वासराच्या नव्या पापण्यांकडं बघत राहिला.

"मला कळलं," तो शेवटी म्हणाला. "तिनं माजं वासरू कवा बगितलंच न्हाई. तिनं वास घितला. पंधरा दिस ती तुमच्या पोरीला चाटतीया."

हरणाबाई चरवी घेऊन मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "दुपट्यात गुंडाळून नुसता डबा ठिवला आसता तरी चाललं आसतं?"

केरब्यानं हातोडी पिशवीत घातली, कानस घातली, मग हातोडी पुन्हा बाहेर काढून परत आत घातली.

"मग आता दुपटंच घालू वासरावर," शालिनी घाईनं म्हणाली.

"आता तिनं खरं बगितलंय, वैनीसाब. आता ती फडक्यानं फसंल व्हय?"

फडकं आणलं. गुणीनं वासरावरचं फडकं एकदा हुंगलं आणि पुन्हा विजूकडं बघून हंबरली.

आता काय करायला हवं ते सगळ्यांना ठाऊक होतं. शालिनीच्या डोळ्यांपुढून पुस्तकाची पानं भराभर उलटत गेली. खूर, शिंगं, गोचीड, जंतू, आणि जंतूंच्या प्रकरणात जनावराच्या लाळेवर तर अर्धं पान होतं. कडेवर विजू कुरकुरत होती. कुरकुरही आता दमली होती.

"आत्याबाई, एक पाट द्या," शालिनी सासूबाईंना म्हणाली.

तिनं उंबरा ओलांडला. गुणीच्या तोंडासमोर, शिंगांपासून एका हातावर, ती पाटावर बसली आणि विजूला मांडीत घेतलं. केरब्यानं दाव्याचा कासरा हाताला गुंडाळला. गुणीनं मान खाली घातली. विजूच्या टाळूवरचे चार केस तिनं एका बाजूनं चाटले, मग दुसऱ्या बाजूनं चाटले. शालिनीनं डोळे मिटून घेतले. विजू खिदळली. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

पलीकडून हरणाबाईंच्या चरवीत धार वाजायला लागली.

केरबा मात्र तोंड पाडून उभा होता. शालिनीला त्याचं वाईट वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुंपणाचा तिसरा खांब मोडल्याचा आवाज झाला आणि मागोमाग राहीबाई दारात आली.

"आवं, ते वासरू द्या की माज्या म्हशीला. दोन रोज झालं, ना वैरण खाती ना दूद देती. भिताड पाडाय लागलीया आता."

"वास लागला आसंल त्येचा," हरणाबाई गाईच्या आडून म्हणाल्या.

"कशाचा वास? तुमी तर राखंनं घासून काढलंय त्येला. तितनं कुंपणावरनं दिसतंय तिला. कान हाललं की खुळ्यावानी करती."

केरब्याची मान हळूहळू वर झाली. "कान हाललं की?"

"नवं बशिवलंस न्हवं तू परवा? तवापासनं तर लयच."

केरब्यानं कासरा हरणाबाईंच्या हातात दिला, वासरू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दारातून बाहेर पडला. जाता जाता थांबला.

"आक्का," तो म्हणाला, "त्या म्हशीनं बगून घितलंय."

'म्हशीला काय कळतंय' हे हरणाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी केरब्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ते गिळलं. "शानी हाय म्हस," त्या म्हणाल्या. "आंगानं दिसत न्हाई, पर हाय."

तेव्हापासून राहीबाईच्या म्हशीपुढं लोखंडी वासरू उभं राहू लागलं आणि गुणीपुढं दिवसातून दोनदा शालिनी बसू लागली. पहिले आठ दिवस ती डोळे मिटून बसे. मग एक डोळा उघडा ठेवू लागली. नंतर तर चाटणं झाल्यावर विजूला ऊन पाण्यानं पुसायचं ते एखादवेळी राहूनही जाई. दादासो रविवारी आले, त्यांनी गोठ्यात डोकावून बघितलं, आपली बायको शिंगांखाली बसलेली बघितली, आणि स्प्रिंगांविषयी विचारायचं ते विचारलं नाही. वाण्याच्या दुकानात नारळांमागून नारळ वाढत होते.

एके दिवशी सकाळी विजूला मांडीतच झोप लागली. गुणीनं तिची टाळू चाटून संपवली, थोडी थांबली, आणि मान जरा वर करून तीच जीभ शालिनीच्या कपाळावरून फिरवली. खरखरीत, गरम जीभ. कुंकू कानापर्यंत गेलं. भांग मोडला, पुढचे केस उभे राहिले. शालिनी दचकली आणि उठायला गेली.

शालिनी आजारातून उठल्यापासून घरात जो येई तो 'विजू कशी आहे' असं विचारी. शालिनीही तेच विचारी. गुणीनं काही विचारलं नाही. ती दुसऱ्या बाजूनं चाटायला लागली.

"शालू, हलू नगंस," गाईच्या आडून हरणाबाई म्हणाल्या. "आज जास्त देतीया."

शालिनी हलली नाही.